पियानोशी बसलेला ड्रमर: डेनिस विल्सनची गाणी पुन्हा ऐकताना

काळी चार (धागाकर्ता)

मंडळी, गेले पंधरा दिवस रात्रीची जेवणं आटोपली की मी हेडफोन लावून एकच रेकॉर्ड ऐकतोय. डेनिस विल्सनची 'पॅसिफिक ओशन ब्लू'. 1977 ची. माझ्याकडे ती 2008 साली दोन सीडींचा संच निघाला तेव्हा आली. त्या वेळी दोनदा ऐकली, जड वाटली, कपाटात गेली. यंदा घर रंगवायला काढलं म्हणून खोकी खाली उतरवली आणि ती हाताला लागली. कव्हरवरचा तो दाढीवाला चेहरा थेट आपल्याकडे बघत असतो. म्हटलं, एकदा लावून बघू. तेव्हापासून दुसरं काही लावावंसं वाटलेलं नाही.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीच बॉइज हा कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावचा बँड. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डीन. 1961 मध्ये 'सर्फिन' हे पहिलं गाणं आलं. सर्फिंगवर गाणी करून जगप्रसिद्ध झालेल्या या पाच जणांत खरोखर सर्फिंग करणारा एकटा डेनिस. त्यानेच घरी येऊन सांगितलं की किनाऱ्यावर पोरं काय करतात बघा, यावर गाणं करा. बँडमध्ये त्याच्या वाट्याला ड्रम्स आले. गाणी ब्रायन लिहायचा, हा मागे बसून ठोकायचा, आणि समोरच्या मुली याच्याकडे बघून ओरडायच्या. इतपत सगळीकडे लिहिलेलं असतं.

पुढचंही सगळीकडे असतं. पुढे खुनांमुळे कुप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स मॅन्सनशी आलेला संबंध, दारू, मोडलेली लग्नं आणि 28 डिसेंबर 1983 ला बुडून झालेला मृत्यू, वयाच्या 39 व्या वर्षी. डेनिसवरचा कुठलाही मजकूर उघडा, आधी हे सगळं येतं आणि गाणी शेवटच्या परिच्छेदात उरकलेली असतात. मला या धाग्यावर ते उलटं करायचंय. आधी गाणी.

मला जे सांगायचंय ते असं: हा ड्रमरचा सोलो अल्बम आहे असं समजून मी 2008 मध्ये ऐकायला बसलो, म्हणून फसलो. मी ठेक्याची वाट बघत होतो. हा अल्बम पियानोचा आहे. पियानोशी एकटा बसलेला माणूस आधी ऐकायचा, बाकीचं सगळं त्याच्याभोवती नंतर उभं राहिलंय.

'थॉट्स ऑफ यू' हे गाणं घ्या. सुरुवातीला फक्त पियानो आणि त्याचा फाटका, दबका आवाज. शब्द इतके साधे की वहीत लिहिले तर कुणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. मग मध्येच गाणं एका अंधाऱ्या जागी उतरतं. डावा हात खाली खाली जातो, त्याच्याच आवाजाचे थरावर थर येतात आणि तो मरणाबद्दल बोलायला लागतो. आणि तिथून काहीच झालं नसल्यासारखा परत पहिल्या ओळींवर येतो. मी स्वतः पेटी वाजवतो, आयुष्यभर भावगीतांना साथ केलीय. मधल्या कडव्यानंतर ध्रुवपदावर परत येणं म्हणजे काय हे मला पाठ आहे. पण इथे परत येतो तेव्हा तेच शब्द ओळखू येत नाहीत. काल रात्री मी त्या परतीच्या जागेवर सहा वेळा मागे गेलो.

ही गोष्ट अचानक झाली नाही. 1968 च्या 'फ्रेंड्स' अल्बममध्ये 'लिटल बर्ड' आणि 'बी स्टिल' ही त्याची दोन गाणी आहेत, कवी स्टीफन कॅलिनिचबरोबर केलेली. 1969 मध्ये 'बी विथ मी'. 1970 च्या 'सनफ्लॉवर'मध्ये 'फॉरएव्हर', जे बीच बॉइजच्या कुठल्याही गाण्याशेजारी ठेवावं. 1972 मध्ये डॅरिल ड्रॅगनच्या साथीने 'कडल अप'. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं हा माणूस दर अल्बममागे एक-दोन गाणी अशी कोपऱ्यात ठेवत होता. ब्रायनच्या सावलीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का? विशेषतः वाजवणाऱ्यांनी लिहा.

कॅसेटपेटी

वा! या माणसावर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांसाठी थोडी भर. त्याचं पहिलं स्वतंत्र पाऊल 1970 चं आहे, 'साउंड ऑफ फ्री' आणि मागच्या बाजूला 'लेडी'. नाव छापलं होतं 'डेनिस विल्सन अँड रम्बो'. रम्बो म्हणजे तोच डॅरिल ड्रॅगन. ही रेकॉर्ड ब्रिटन-युरोपात निघाली, अमेरिकेत निघालीच नाही. 'पॅसिफिक ओशन ब्लू' 22 ऑगस्ट 1977 ला 'कॅरिबू' लेबलवर आली. बीच बॉइजपैकी कुणाचाही हा पहिला सोलो अल्बम, ब्रायनच्याही आधी. बिलबोर्डच्या यादीत 96 पर्यंत चढला. 1991 मध्ये सीडी निघाली, पण थोड्याच काळात मिळेनाशी झाली आणि मग जुन्या बाजारात तिचे भाव गगनाला भिडले. म्हणूनच 2008 चा संच एवढा महत्त्वाचा. त्यातली दुसरी सीडी 'बांबू'ची, म्हणजे अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या अल्बमची. 2017 मध्ये 'बांबू' स्वतंत्र रेकॉर्ड म्हणूनही आला.

एक मात्र सुचवतो. 'लिव्ह अगेन' हे 1971 चं गाणं ऐकल्याशिवाय राहू नका. ते 'सर्फ्स अप' अल्बमसाठी केलेलं होतं, पण त्या अल्बममध्ये शेवटी डेनिसचं एकही गाणं राहिलं नाही. ते थेट 2013 च्या 'मेड इन कॅलिफोर्निया' संचात बाहेर आलं. चाळीसहून अधिक वर्षं डब्यात! मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो.

मध्यलय

मी ड्रमर आहे, म्हापशाला मुलांना शिकवतो, लग्नांत आणि फेस्ताला वाजवतो. काळी चार, तुमचं पियानोचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. मला त्यात ड्रमर दिसतोच, फक्त तो वाजवताना दिसत नाही.

सांगतो. 'टाइम' हे गाणं लावा. सुरुवातीला पियानो, त्याचा आवाज आणि एक दबलेला ट्रम्पेट. कुठे स्नेअर नाही, हाय-हॅट नाही. नवशिका ड्रमर असता तर दुसऱ्या कडव्याला ब्रश घेऊन आत आला असता, कारण आपल्याला रिकामं बसवत नाही. मला तर अजूनही बसवत नाही. हा बसतो. अर्ध्याहून जास्त गाणं असंच जातं. आणि मग एकाएकी दार फोडल्यासारखे हॉर्न, ड्रम्स, आवाज सगळे एकदम आत येतात आणि गाणं भलत्याच गावाला जाऊन पोचतं. हे ज्याला सुचतं त्याच्या अंगात लय आहे. किती वेळ काहीच वाजवायचं नाही ते त्याला कळलेलं आहे.

दुसरी गोष्ट. डेनिसला ड्रम्स येत नव्हते, स्टुडिओत हॅल ब्लेन वाजवायचा, हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. मधल्या साठच्या दशकात ब्रायनने स्टुडिओतले व्यावसायिक वादक घेतले हे खरं. 'पेट साउंड्स'वर बहुतेक ठिकाणी ब्लेनच आहे. पण त्याच अल्बममधल्या 'दॅट्स नॉट मी'वर डेनिस आहे. ऐका, किती कमी वाजवतो! स्टेजवरची जुनी चित्रफीत बघितली तर तो सगळा बँड ओढत नेताना दिसतो. तंत्र कच्चं आहे, खांदा जास्त वापरतो, पण ठोका पडतो तिथे पडतो.

आणि 1971 मध्ये त्याचा हात काचेत गेला. नसा-स्नायू कापले गेले. पुढे काही वर्षं स्टेजवर ड्रम्स दुसऱ्यांकडे, रिकी फातारकडे. ड्रमरचा हात जाणं म्हणजे काय हे मला विचारू नका. मला एकदा मनगटाला प्लास्टर होतं, सहा आठवडे, तर मी घरात कुणाशी धड बोललो नव्हतो. याने ती वर्षं कीबोर्डशी काढली.

काळी चार

मध्यलय, तुमचा प्रतिसाद वाचून 'टाइम' पुन्हा लावलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. मी त्या पहिल्या भागाला पियानोचं गाणं म्हणत होतो. आता तिथे ड्रमरची न वाजवलेली जागा ऐकू येते. माझ्या मूळ लेखातलं वाक्य मी मागे घेतो.

हाताबद्दल एक: पियानोवरची गाणी 1968 पासून होतीच, त्यामुळे अपघाताने तो संगीतकार झाला असं नाही. पण 'कडल अप' नेमकं त्या अपघातानंतरच्या अल्बमवर आहे, हेही खरं.

प्रश्नोपनिषद

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मी काल पूर्ण अल्बम ऐकला, सलग, दोनदा. आवाज फारच खराब झालाय. 'फॉरएव्हर'मधला तो गोड, उबदार गळा आणि इथला हा खरखरता घसा, यात सात वर्षांचं अंतर आहे हे खरं वाटत नाही. शब्द साधे नाहीत, कच्चे आहेत. 'व्हॉट्स राँग' तर अगदीच किरकोळ. आणि जागोजागी इतके थर चढवलेत की वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडतात.

माझी शंका अशी की हा माणूस असा मेला नसता तर आपण या अल्बमला 'हरवलेला खजिना' म्हटलं असतं का? सुंदर, देखणा, बुडून गेलेला. गोष्टच अशी आहे की गाणी आपोआप मोठी वाटायला लागतात.

काळी चार

प्रश्नोपनिषद, राग कसला? हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

'व्हॉट्स राँग'बद्दल तुमच्याशी सहमत. मी ते वगळूनच ऐकतो. 'फ्रायडे नाइट'ही मला सुरुवातीच्या त्या धूसर भागापुरतंच आवडतं.

पण आवाजाबद्दल नाही. गळा दारू-सिगरेटने गेला, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, ते नुकसानच आहे. मी एवढंच म्हणेन की या अल्बमवरची गाणी त्या उरलेल्या गळ्यासाठी बांधलेली आहेत. तान नाही, लांब सूर नाही, ओळी तोकड्या. जिथे सूर धरायला दम पुरत नाही तिथे तो वाक्य सोडून देतो आणि मागचे आवाज ते उचलतात. साथीला बसणाऱ्याला हे लगेच कळतं. गायकाचा दम जिथे संपतो तिथे आपण पेटीवर सूर धरून ठेवतो, श्रोत्याला खळगा जाणवू देत नाही. इथे तो स्वतःच स्वतःची साथ करतोय.

थरांबद्दल म्हणाल तर 'रिव्हर साँग' घ्या. पियानो पहिल्या क्षणापासून खळाळत येतो, वरून चर्चचा गायकवृंद. डेनिस आणि कार्ल या दोघा भावांनी मिळून लिहिलेलं गाणं. शहर नको झालंय, नदीकडे जायचंय, इतकीच गोष्ट. वाद्यं अंगावर पडतात हे खरं, पण पुराचं पाणी असंच येतं.

आणि 'असा मेला नसता तर'. हा अल्बम निघाला तेव्हा तो जिवंत होता, 32 वर्षांचा होता. गाणी त्याच्या मरणाआधी सहा वर्षं झालेली आहेत. मी त्याच्या मरणाची गोष्ट बाजूला ठेवा म्हणतो ती याच कारणासाठी.

प्रश्नोपनिषद

साथीचं उदाहरण आवडलं. त्या नजरेने पुन्हा ऐकेन. 'व्हॉट्स राँग' तुम्हालाही नको वाटतं हे वाचून बरं वाटलं.

तांबडी माती

नमस्कार. मी बावीस वर्षांची आहे, मालवणला राहते. बीच बॉइजची दोन-तीनच गाणी माहीत होती. तुमच्या सगळ्यांचं वाचून काल पहिल्यांदा अल्बम लावला. मला सगळ्यात आधी 'पॅसिफिक ओशन ब्लूज' आवडलं, कारण ते एकदम फंकी आहे आणि शब्द लक्ष देऊन ऐकले तर त्यात देवमाशांच्या कत्तलीबद्दल राग आहे. 1977 मध्ये! आमच्या इथे समुद्र रोज समोर असतो. समुद्रावर गाणी खूप असतात, पण समुद्राच्या बाजूने भांडणारं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं.

एक विचारायचं होतं. बीच बॉइजचा आणि महर्षी महेश योगींचा काही संबंध होता असं कुठेतरी वाचलं होतं. डेनिसचाही होता का?

कॅसेटपेटी

हो, आणि सुरुवातच डेनिसपासून आहे. डिसेंबर 1967 मध्ये पॅरिसला युनिसेफच्या कार्यक्रमात बँड वाजवणार होता. तिथे महर्षी होते आणि बँडमध्ये सगळ्यात आधी भारावला तो डेनिस. मग 1968 च्या सुरुवातीला माइक लव्ह हृषीकेशला गेला, बीटल्स तिथे होते तेव्हाच. त्याच वर्षी मे महिन्यात बीच बॉइजनी महर्षींना घेऊन अमेरिकेत दौरा काढला. आधी गाणी आणि मग प्रवचन. लोक आलेच नाहीत, थोड्याच दिवसांत दौरा गुंडाळावा लागला.

मात्र त्या काळातली 'बी स्टिल' ऐका. एक ऑर्गन आणि डेनिस, दीड मिनिटाच्या आत संपतं. ध्यानावर बँडने नाव घेऊन केलेल्या गाण्यापेक्षा मला हे जास्त ध्यानासारखं वाटतं.

आणि तुम्ही ज्या 'पॅसिफिक ओशन ब्लूज'बद्दल लिहिलंत त्याचे शब्द माइक लव्हचे आहेत. या दोघांचं आपसांत कधी फारसं जमलं नाही, पण हे गाणं दोघांचं आहे.

सागरगोटी

धागा आत्ता बघितला. मी गेली एकोणीस वर्षं लॉस एंजेलिसजवळ आहे. काळी चार म्हणाले की मरणाची गोष्ट बाजूला ठेवू, पण मी तिथून जवळ राहते म्हणून थोडं लिहिते, गाण्यांशी संबंध आहे तेवढंच.

मरीना डेल रे, जिथे डेनिस बुडाला, तो म्हणजे बोटींचा गोदीसारखा भाग. लाकडी धक्के, त्यांना बांधलेल्या शेकडो शिडाच्या बोटी, दोर ताणले की कुरकुरतात आणि वाऱ्याने शिडांच्या तारा डोलकाठीवर आपटून टिणटिण वाजत राहतात. पाणी हिरवट-काळं, वर तेलाचा तवंग. डेनिसची 'हार्मनी' नावाची बोट इथे असायची, तो तिच्यावरच राहायचा. पैसे संपले, बोट गेली. 1983 च्या डिसेंबरात तो तिथे एका मित्राच्या बोटीवर आला होता आणि जिथे 'हार्मनी' बांधलेली असायची त्याच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारत होता. पूर्वी रागाच्या भरात पाण्यात फेकलेल्या आपल्याच वस्तू शोधत होता. डिसेंबरात ते पाणी हाडं गोठवतं, मी हात घालून बघितलाय. 4 जानेवारी 1984 ला तटरक्षक दलाने त्याला समुद्रात निरोप दिला. सैन्यात नसलेल्या माणसाला हे सहसा मिळत नाही, त्यासाठी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत विनंती गेली होती.

आता गाणं. 'फेअरवेल माय फ्रेंड' त्याने ओटो हिन्शे या वडीलधाऱ्या मित्रासाठी लिहिलं, कार्लच्या सासऱ्यांसाठी. म्हणजे नात्यातलेच. त्या गाण्यात रडारड नाही, जवळजवळ बेटावरच्या संथ गाण्यासारखं डोलत जातं. डेनिसच्या अंत्यविधीला तेच लावलं. मी एका डिसेंबरात त्या धक्क्यावर बसून ते ऐकलं होतं. त्या वर्षी माझे बाबा नाशिकला गेले आणि मला तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गाणं कुणासाठी लिहिलंय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाला दिलेला निरोप आहे हे नंतर कळलं.

हॉथॉर्नचं त्यांचं घर आता नाही. त्या जागेवरून फ्रीवे गेला. 2005 मध्ये तिथे स्मारक केलंय, विटांची भिंत आणि सर्फबोर्ड धरलेली मुलं. मागून गाड्यांचा घोंघावता आवाज अखंड. डोळे मिटले तर लाटांसारखाच येतो.

काळी चार

सागरगोटीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मरणाची गोष्ट बाजूला ठेवा हा माझा हट्ट होता, पण तुम्ही ती गाण्याकडे नेलीत. 'फेअरवेल' मी इतके दिवस त्याचं स्वतःचं गाणं म्हणून ऐकत होतो. आता ओटो हिन्शेंचं म्हणून ऐकेन.

सप्तकी

सगळं छान चाललंय, पण मॅन्सनचं काय? तो विषय टाळला म्हणजे तो नसतोच असं नाही.

काळी चार

टाळत नाही. 1968 मध्ये मॅन्सन आणि त्याची माणसं काही महिने डेनिसच्या घरी राहत होती. मॅन्सनचं 'सीज टु एक्झिस्ट' हे गाणं डेनिसने शब्द आणि रचना बदलून 'नेव्हर लर्न नॉट टु लव्ह' म्हणून बँडकडून करून घेतलं, आणि रेकॉर्डवर नाव फक्त स्वतःचं घातलं. मॅन्सनच्या माणसांनी केलेले खून 1969 च्या ऑगस्टमध्ये झाले. तोवर डेनिस त्या घरातून निघून गेला होता. नाव न देण्याचं समर्थन मी करणार नाही. ते गाणं मी ऐकत नाही आणि सोलो अल्बमशी त्याचा संबंधही नाही. माझ्याकडून एवढंच.

सप्तकी

चालेल. सरळ उत्तर दिलंत, धन्यवाद.

कॅसेटपेटी

एक वाद मुद्दाम सुरू करतो, कारण तो वाजवणाऱ्यांनीच सोडवावा. 'बांबू'मधलं 'होली मॅन'.

डेनिसने याचं संगीत पूर्ण केलं होतं, पण त्यावर गायलेलं काही शिल्लक राहिलं नाही. 2008 च्या संचासाठी फू फायटर्सचा ड्रमर टेलर हॉकिन्स याने शब्द लिहून ते गायलं. संचात दोन्ही आहेत, मूळ वाद्यसंगीत आणि हॉकिन्सचं गाणं. पुढे 2019 मध्ये आणखी एक रूप आलं, त्यात क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर आहेत. म्हणजे तिसरा ड्रमर! माझ्या मते मूळ जे होतं ते तसंच ठेवायला हवं होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालू नयेत.

मध्यलय

माझं मत उलट आहे आणि मी ते पोटतिडकीने मांडतो.

हॉकिन्सचा आवाज डेनिससारखाच खरखरीत. ड्रमर, तोही गाणारा, तोही मागे बसून समोरच्या मोठ्या गायकाची गाणी वाजवणारा. त्याने ते गाताना नक्कल केलेली नाही आणि स्वतःची छापही मिरवलेली नाही. रिकामी खुर्ची होती, तिच्या कडेला बसून गायला. आम्हा वाजवणाऱ्यांत असं असतं की एखाद्या कार्यक्रमाला कुणी येऊ शकला नाही तर त्याच्या सेटवर दुसरा बसतो. सीटची उंची बदलत नाही, सिंबल हलवत नाही, जसं आहे तसं वाजवतो आणि उठतो. हॉकिन्सने तेच केलं.

मार्च 2022 मध्ये बोगोटाला हॉकिन्सही गेला, पन्नाशीचा होता. त्या आठवड्यात मी क्लासमध्ये मुलांना काही शिकवलं नाही, फक्त 'होली मॅन' लावलं. आधी वाद्यसंगीत, मग त्याचं. मुलांना विचारलं, कुठलं आवडलं? सहापैकी चौघांनी वाद्यसंगीत म्हटलं. म्हणजे कॅसेटपेटी, मुलं तुमच्या बाजूने आहेत. मी नाही.

काळी चार

मी मध्ये अडकलोय. मला वाद्यसंगीतच जास्त आवडतं, कारण तिथे जो गाणार होता त्याची जागा मोकळी ऐकू येते. पण हॉकिन्सने केलं नसतं तर माझ्यासारख्याने त्या धूनकडे लक्ष दिलं असतं का? 2008 मध्ये मी हॉकिन्सचं ऐकलं होतं, वाद्यसंगीत पुढे ढकललं होतं.

'बांबू' मला 'पॅसिफिक'इतकाच मोलाचा वाटायला लागलाय. कार्ली मुन्योझ हा प्वेर्तो रिकोचा पियानोवादक बँडबरोबर वाजवायचा, त्याची गाणी यात आहेत. 'इट्स नॉट टू लेट' त्याचंच, त्यात कार्ल विल्सनही गातो. फाटक्या आवाजामागून धाकट्या भावाचा निर्मळ आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो. तो आवाज काही सजावट म्हणून येत नाही, आधाराला येतो. 'लव्ह सराउंड्स मी' आणि 'बेबी ब्लू' ही याच काळातली दोन गाणी 1979 मध्ये बीच बॉइजच्या 'एल.ए.' अल्बमला द्यावी लागली. सांता मोनिकातला ब्रदर स्टुडिओ, जिथे हे सगळं चालायचं, तो विकला गेला. काम तिथेच थांबलं.

'थॉट्स ऑफ यू'चे पियानोवरचे फेरफारही या संचात आहेत, नुसता पियानो, गाणं नाही. मी ते बसवायला घेतलंय. पेटीवर जमत नाही, कारण त्यातला डावा हात पेटीला नाहीच. भाचीचा कीबोर्ड आणलाय.

तांबडी माती

काका, बसवून झालं की इथे टाकाल का?

काळी चार

टाकेन. डावा हात अजून अडखळतोय. महिनाभर तरी द्या.

प्रश्नोपनिषद

पुन्हा ऐकलं, साथीची गोष्ट डोक्यात ठेवून. 'एंड ऑफ द शो'ला, म्हणजे अगदी शेवटच्या गाण्याला, मला ते कळलं. तो ओळ सोडतो आणि मागचे आवाज ती उचलतात. आधी मी तिथे 'गायला जमलं नाही' असं लिहून ठेवलं होतं. शब्द अजूनही कच्चेच वाटतात. पण आता अल्बम फोनवर घेऊन ठेवलाय.

मध्यलय

'ड्रीमर'मधला तो माउथ ऑर्गनचा खर्ज ऐकलात की नाही कुणी? सुताराचं गाणं आहे, म्हणजे काम करणाऱ्या माणसाचं. बेसचं काम तो माउथ ऑर्गन करतो आणि किक ड्रम त्याला बरोबर खालून टेकू देतो. उद्या क्लासला हेच लावणार आहे. पहिला धडा: कुठल्या जागी वाजवायचं नाही ते मोजून लिहून आणा.

तांबडी माती

मी आता 'टाइम' तिसऱ्यांदा लावलंय. मध्यलयकाकांनी सांगितलेली ती रिकामी जागा मोजत होते, पण गाण्यात गेले आणि मोजायचं राहिलं. खिडकी उघडी आहे, बाहेर भरती आहे. हॉर्न यायच्या आधी आवाज कमी करून ठेवावा लागतो, आजी बाजूलाच झोपलीय.